दाताला काय भाव?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एडिसनमध्ये, म्हणजे न्यू जर्सीतल्या बहिणीच्या घरी, मी भाचीच्या खोलीच्या दाराशी अंधारात उभी होते. भाची सात वर्षांची. संध्याकाळी सफरचंद खाताना तिचा पुढचा दात पडला होता आणि आता तो एका चिमुकल्या डबीत, तिच्या उशीखाली होता. ताई आणि भावोजी एका लग्नाला बाहेरगावी गेलेले. त्यामुळे परी व्हायची ड्यूटी माझ्यावर. माझ्या पाकिटात वीस डॉलरच्या दोन नोटा आणि चार क्वार्टर होते. (तिथलं क्वार्टर म्हणजे पाव डॉलरचं नाणं. गैरसमज नको.)

ताईला मेसेज केला, "किती ठेवू?"

"पाच. देवघराच्या ड्रॉवरमध्ये सुट्ट्या नोटा आहेत. दरवेळी पाचच ठेवतो."

ज्यांचा या परीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत मुलाचा दुधाचा दात पडला की ते तो उशीखाली ठेवून झोपतं. रात्री 'टूथ फेअरी' येते, दात घेऊन जाते आणि पैसे ठेवते. परी म्हणजे अर्थातच आईबाप. मी पाचची नोट सरकवली, डबी काढून घेतली, आणि फार मोठी कामगिरी केल्यासारखी झोपायला गेले.

खरा प्रश्न सकाळी दूध-सीरियल खाताना आला. भाची नोट टेबलावर सपाट करत म्हणाली, "मावशी, माझ्या क्लासमधल्या फ्रेंडला टूथ फेअरीने एकच डॉलर दिला."

"असं? का बरं?"

"ती नीट ब्रश करत नसेल," ती म्हणाली. आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. गणित सुटल्यावर उत्तर सांगावं तसं सांगितलं तिने.

मागाहून ताईकडून कळलं, ती मैत्रीण आईबरोबर एका खोलीत भाड्याने राहते आणि तिची आई दोन ठिकाणी कामाला जाते. आणि परीला स्वच्छ दात आवडतात, हे भाचीला ताईनेच सांगितलं होतं. रोज रात्री ब्रश करून घ्यायचं तर काहीतरी सांगावंच लागतं. त्या एका डॉलरसाठी त्या आईने काय बाजूला ठेवलं असेल कोण जाणे, पण दुसऱ्या घरातल्या टेबलावर त्याचा अर्थ झाला: पोरगी अस्वच्छ आहे.

परीने किती पैसे ठेवावेत यावर तिथले पालक वर्षानुवर्षं वाद घालतात. डेल्टा डेंटल ही दातांच्या विम्याची कंपनी १९९८ पासून परीच्या 'दरा'ची पाहणी करते. (त्यात कंपनीची जाहिरातही होते, हे ओघानं आलंच.) १९९८ मध्ये एका दाताची सरासरी १.३० डॉलर होती. २०२३ मध्ये ती ६.२३ डॉलरवर गेली. नुसती महागाई धरली असती तर अडीच डॉलरच्या आतच राहिली असती. पुढे दर उतरला, २०२४ मध्ये ५.८४ आणि २०२५ मध्ये ५.०१. दुधाचे दात वीस. २०२३ च्या भावाने पूर्ण बोळकं १२४ डॉलर ६० सेंटला पडतं.

मजा म्हणजे सुरुवातीला यात भाव वगैरे नव्हताच. १९०८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात या परीचा उल्लेख आहे. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी पोरांना परीचं आमिष दाखवा, आणि त्यासाठी पाच सेंटच्या काउंटरवरून छोट्या वस्तू आणून ठेवा, असा तो सल्ला. दुखऱ्या हिरडीवरची फुंकर, एवढंच.

तरी किती द्यावे हा हिशोब घरातल्या घरात असता तर मी त्यात पडले नसते. ज्याची जशी ऐपत. वाढदिवसाला कुणाला सायकल मिळते, कुणाला कंपास पेटी. मुलांना ते दिसतं, टोचतंही, पण समजतं. बाबांना ईएमआय असतो, आईचा पगार उशिरा होतो. सायकल न मिळालेल्या मुलाला निदान रागवायला एक माणूस असतो आणि त्या माणसाकडे एक कारण असतं.

परीला ईएमआय नसतो. तिला सगळ्यांची घरं माहीत, ती सगळ्यांकडे जाते, तिच्याकडे पैशाला तोटा नाही. मग तिने एकीला पाच आणि दुसरीला एक दिला तर कारण कुठे शोधायचं? मुलीतच. आपण ऐपतीतला फरक परीच्या पंखाखाली लपवतो आणि मुलांना तो लायकीतला फरक म्हणून दिसतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये अशीच एक थाप आहे. नगरातल्या लोकांना सांगायचं की देवाने तुम्हाला घडवताना राज्यकर्त्यांत सोनं मिसळलं, त्यांच्या मदतनीस योद्ध्यांत चांदी, आणि शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि पितळ. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी गुमान राहील. प्लेटोला निदान ठाऊक होतं की आपण थाप रचतोय आणि ती कशासाठी रचतोय. आपण मात्र गोड वाटते म्हणून सांगतो आणि पुढे ती काय करते ते बघत नाही.

एक डॉलरवाल्या मुलीचं वाईट वाटणं सोपं आहे. मला जास्त काळजी पाच डॉलरवालीची वाटली. एक डॉलरवालीला आज ना उद्या खरं कळेल आणि तिची चीड योग्य पत्त्यावर जाईल. पाचवाली 'मला जास्त मिळालं कारण मी चांगली' हे धरून बसेल, कारण ते सोडायला तिला कुणी भाग पाडणार नाही. परी खोटी आहे हे कळल्यावरही. हे मी अनुभवाने सांगतेय. बारावीला मला ९१ टक्के पडले तेव्हा घरी पेढे वाटले आणि मी ते 'माझे' मार्क म्हणून खाल्ले. दोन क्लास, स्वतंत्र खोली आणि रात्री दूध आणून देणारी आई त्या मार्कांत कुठेच नव्हती. आमच्याच वर्गातली एक मुलगी दुपारी आईबरोबर खानावळीत पोळ्या लाटायची. तिला ६८ पडले. मला तेव्हा वाटलं होतं, अभ्यास केला नसेल.

लहानपणी आजोळी आम्ही पडलेला दात कौलांवर भिरकावायचो आणि उंदराकडे त्याचा दात मागायचो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे मागणी तशी योग्य दारात होती. तो व्यवहार आज फार शहाणपणाचा वाटतो: दाताला दात. आणि उंदीर वाड्यातल्या पोरालाही द्यायचा, गड्याच्या पोरालाही. सहा महिन्यांत दोघांच्या तोंडात सारखाच पुरावा. याचा अर्थ आमच्याकडे समता नांदत होती असं नाही. गड्याच्या पोराला चहा वेगळ्या कपात मिळायचा. पण तो भेद निदान उंदराच्या नावावर खपवला जात नव्हता.

स्पेनमध्येही परी नाही, उंदीरच आहे. १८९४ च्या सुमारास, आठ वर्षांच्या राजा तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला तेव्हा लुईस कोलोमा या पाद्री लेखकाने त्याच्यासाठी पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली. त्यात उंदीर छोट्या राजाला रात्री बरोबर घेऊन निघतो आणि एका गरीब मुलाच्या घरी नेतो. आपल्या उशीखाली जे येतं ते दुसऱ्याच्या घरी कसं येतं, हे राजाला बघावं लागतं. भेट देणाऱ्याबरोबर फेरीला जायचं, ही सोय परीने कुणाला दिलेली नाही.

दोन दिवसांनी हे सगळं मी ताईला ऐकवलं. ती वैतागली. "आम्ही इथे राबतो ते पोरीसाठीच ना? तिला कमी का देऊ? आणि मी एक दिला म्हणून त्या मुलीला चार जास्त मिळणारेत का?"

नाही मिळणार. ताईचा मुद्दा खरा आहे. मी म्हटलं, "पाच दे, पन्नास दे, पण स्वतःच्या नावाने दे. 'आईकडून' म्हण. परीच्या नावाने तेवढंच ठेव जेवढं वर्गातल्या कुठल्याही आईला ठेवता येईल." म्हणजे एक नाणं. क्वार्टरसुद्धा चालेल. कुणाच्या उशीखाली तेही आलं नाही, तर माझ्याकडे उत्तर नाही. थाप सगळ्यांची मिळून आहे, तेव्हा तिची रक्कम एकट्याने ठरवायचा हक्क कुणालाच नाही, असं मला वाटतं. ताई म्हणाली, "तू लग्न कर, पोरं होऊ देत, मग बोलू." विषय तिथे संपला.

मी पुण्याला परतले. चारेक महिन्यांनी ताईचा व्हिडिओ कॉल आला. भाचीचा आणखी एक दात पडला होता आणि या वेळी तिच्या हातात सोनेरी रंगाचं एक डॉलरचं नाणं होतं. ताईने मला काहीच सांगितलं नव्हतं. भाची नाणं कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरून म्हणाली, "मावशी, मी रोज ब्रश केलं. प्रॉमिस. मग टूथ फेअरी पुअर झाली का?"

ताई स्क्रीनच्या कोपऱ्यात डबा भरत होती. तिचा हात थांबला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.