जाते गहाण घेऊ नये



अनुवादाच्या २४व्या अध्यायात मोशे सावकाराला बजावतो की, कर्जापोटी कोणाचे जाते गहाण घेऊ नये. जाते गेले की त्या घरची भाकरीच गेली. गहाण आणायला ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. गरिबाचे पांघरूण घेतले असेल तर सूर्य मावळताच परत करावे. येथे कर्ज माफ झालेले नाही. धनकोचा हक्क मात्र उंबरठ्यावर थांबला आहे.

आपल्या देशाच्या कायद्यातही असा उंबरठा आहे, पण पुष्कळांना तो ठाऊक नसतो. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे, कर्जाचा हुकूमनामा झाला तरी गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि पोटापुरती गुरे व बियाणे जप्त होत नाहीत. मजुराची मजुरी आणि तो स्वतःच्या मालकीच्या ज्या घरात राहतो ते घरही सुटते. प्रॉव्हिडंट फंड व पीपीएफमधील शिल्लक सुटते. (घर स्वतः सही करून तारण दिले असेल, तर मात्र ही ढाल चालत नाही.)

मग माणसे बुडतात कोठे? लाजेपायी. नवऱ्याचा फंड विधवेच्या हाती येतो न येतो तोच मागणारे दारात उभे राहतात. नॉमिनी म्हणून मिळालेला तो फंड मयताच्या कर्जापासून मुक्त असतो, हे तिला कोणी सांगत नाही. लोक काय म्हणतील या भीतीने ती मुलांच्या शाळेचे पैसेही वाटून टाकते. मागणाऱ्यांत मिस्साला पुढच्या बाकावर बसणारेही असतात. त्यांनी अनुवादाचा तो अध्याय घरी जाऊन वाचावा.

देणे बुडवा असे मी म्हणत नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (४:१-७) सावकार एका विधवेचे दोन मुलगे दास म्हणून न्यायला येतो. अलीशा तिला सांगतो, तेल विकून कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू व तुझी मुले जगा. संदेष्ट्याने हिशेबात तो उरलेला भागही धरला होता.

जप्तीची नोटीस आली तर घाईने कशावरही सही करू नका. तालुका विधी सेवा समितीकडे वकील मोफत मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. एकटे जायला संकोच वाटत असेल, तर कागद घेऊन मला भेटा, आपण बरोबर जाऊ.