विण्याचा पहारा

सप्ताहात विणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पण तो एकच वारकरी सात दिवस गळ्यात घेऊन उभा राहतो काय? नाही. पहारे लावलेले असतात. एक थकला की दुसरा पाया पडून विणा घेतो, म्हणून तो अखंड राहतो.

यंदाच्या सप्ताहात एक माउली मांडवाबाहेर चिंचेखाली आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन बसे. टाळ-पखवाज सुरू झाला की पोरगे कान दाबून किंचाळे. लोक म्हणत, "लाडावून ठेवलंय!" आणि आम्ही त्याच रात्री कीर्तनात 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' असे बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आम्ही घरी गेलो. ती म्हणाली, "महाराज, प्रारब्ध असेल, पण रात्री तीनला हा उठतो, तेव्हा मी एकटीच असते." आम्ही निरुत्तर झालो.

मुलगा स्वमग्न आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ही अवस्था वर्णिली. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणावर दोष ठेवला गेला. ते मत खोटे ठरले. ही मेंदूची जन्मजात निराळी घडण आहे. अशा पुष्कळ मुलांना मोठा आवाज, नित्यक्रमातला बदल सोसत नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नतेची नोंद आहे.

कर्मविचार स्वतःला तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याला डागण्या देण्यासाठी नव्हे. ही चूक आमची, ती आम्ही पदरी घेतो.

पत्नीला सहधर्मचारिणी म्हणतात. मग पतीनेही सहधर्मचारी व्हायला नको काय? "मी मिळवून आणतो," एवढ्याने भागत नाही. रात्रीचा एक पहारा बापाचा. आजीने, काकाने आधी आईजवळ बसून शिकावे: पोर काय खाते, कशाला भिते, कशाने निवते. मग ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, त्याच क्रमाने त्याला सांभाळावे. मांडवकऱ्यांनी कर्ण्यापासून दूर एक जागा राखावी.

काल्याच्या दिवशी बाप मुलाला घेऊन चिंचेखाली बसला. ती माउली मांडवात आली आणि तिने काला शेवटपर्यंत ऐकला.

आपल्या घरी विणा किती दिवस एकाच गळ्यात आहे, हे ज्याने त्याने पाहावे. रामकृष्णहरि.