अन्न, अग्नी आणि मिथेनॉल

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत, प्राणिमात्र अन्नातून उपजतात, अन्नावर जगतात आणि शेवटी अन्नातच मिसळतात, म्हणून अन्नालाच प्रथम ब्रह्म मानले आहे. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात मात्र भर आहे तो वैश्वानरावर, म्हणजे देहात राहून अन्न पचवणाऱ्या अग्नीवर. अन्न देह घडवते की अग्नीला पोसते, हा प्रश्न माणसाच्या बाबतीत उभा राहत नाही, कारण एकच घास दोन्ही कामे करतो.

बालाघाटच्या बांध्यांतील धानाच्या पानांवर जगणाऱ्या जिवाणूंबाबतही हा प्रश्न उभा राहत नाही. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे किंवा कोणत्याही धानाचे पान वाढत असताना पेशीभित्तीतील पेक्टिन या द्रव्यापासून मिथेनॉल, म्हणजे रेणूत कार्बनचा एकच अणू असलेले अल्कोहोल, सुटते आणि पर्णरंध्रांवाटे बाहेर पडते. पानावर वस्ती करणारे मिथायलोबॅक्टेरियम हे गुलाबी जिवाणू त्यातले काही जाळतात आणि काहीतून स्वतःचा देह बांधतात. भृगुवल्लीचे वर्णन त्यांना तंतोतंत लागू पडते.

बालाघाटमधून वाहणाऱ्या वैनगंगेचे पाणी प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते खरे, पण खुल्या समुद्रातल्या मिथेनॉलसाठी धानाच्या पानाची गरज नसते. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, ते तिथेच तयार करतात. तेथे विपुल असलेल्या सार-११ या गटातील जिवाणू मिथेनॉलचे आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल आणि अखेर कार्बन डायऑक्साइड करतात. त्यांच्या देहात मात्र या मिथेनॉलचा कार्बन जवळजवळ उतरत नाही, अन्न येते, जळते, निघून जाते.

येथे वैश्वानर देहनिर्मितीपासून सुटा दिसतो. प्राचीनांना हे जिवाणू ठाऊक होते असा दावा करणे हास्यास्पद ठरेल. पण खाल्ले तेच अंगी लागते, हे जे गृहीत धरले जाते, ते सर्व जीवांना लागू नाही, इतके यावरून निश्चित म्हणता येते. यावर असा आक्षेप येऊ शकतो की, जाळण्यातून मिळालेली ऊर्जा अमिनो आम्लांसारखी इतर द्रव्ये आत ओढून देह बांधण्यासाठीच खर्च होत असेल, तर मिथेनॉलही अप्रत्यक्षपणे देहच घडवते. आक्षेप रास्त आहे, परंतु तो मान्य केला तर अन्नाची व्याख्या द्रव्यावरून कार्यावर सरकते आणि अन्नमय देहाच्या सिद्धान्तातही अग्नीलाच अग्रस्थान द्यावे लागते.