थांबणाऱ्याचे धैर्य



पाऊस सुरू झाला की एखादी आई मिस्सानंतर आम्हाला हमखास गाठते. "फादर, आमचा मुलगा ओल्या रस्त्यावरही बाईक हळू चालवत नाही. सांगायला गेले तर म्हणतो, तुम्ही फार घाबरता. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा." दोन शब्द सांगणे सोपे आहे. पण त्या मुलाच्या बोलण्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. घाबरतो तो भित्रा आणि घाबरत नाही तो शूर, असे खरोखरच असते का?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला निकी लाउडा आठवतात. ऑस्ट्रियाचे हे मोटार शर्यतपटू १९७५ साली फेरारीच्या गाडीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले. १९७६ सालीही तेच आघाडीवर होते. त्या वर्षी १ ऑगस्टला जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे शर्यत होती. जवळजवळ २३ किलोमीटर लांबीचा हा मार्ग डोंगरातून, झाडीतून जाणारा. एका टोकाला ओला, तर दुसऱ्या टोकाला कोरडा. इथे अपघात झाला तर मदत वेळेवर पोहोचणार नाही, म्हणून इथे शर्यत नको, असे लाउडा यांनी आधीच म्हटले होते. सहकाऱ्यांनी ते मानले नाही आणि तेही शर्यतीत उतरले. दुसऱ्याच फेरीत त्यांची गाडी धडकून पेटली. इतर चालकांनी आपल्या गाड्या थांबवून त्यांना आगीतून ओढून काढले. चेहरा भाजला होता, विषारी धूर फुप्फुसांत गेला होता. रुग्णालयात धर्मगुरूंनी येऊन त्यांना शेवटचे संस्कार दिले.

तो माणूस ४२ दिवसांनी इटलीत मॉन्झा येथे पुन्हा गाडीत बसला. डोक्यावरच्या जखमा भरलेल्या नव्हत्या. तरी चौथा क्रमांक मिळवला. जगाने वाहवा केली. आपण भीतीवर मात केली आहे, असे त्यांनी तेव्हा सांगितले. पण ते खरे नव्हते, आपण भीतीने गोठलो होतो, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली.

वर्षातली शेवटची शर्यत २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजी येथे झाली. लाउडा यांचे ६८ गुण होते, ब्रिटनच्या जेम्स हंट यांचे ६५. आणि मुसळधार पाऊस! शर्यत लांबत गेली. हंट यांच्यासह अनेक चालकांना ती व्हावी असे वाटत नव्हते. तरी अखेर ती सुरू झाली.

ओल्या ट्रॅकवर शर्यतीची गाडी चालवणे म्हणजे काय, हे समजून घेऊ. गाडी हलकी, इंजिन सुमारे ५०० अश्वशक्तीचे. पावसाळी टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात, पण त्यालाही मर्यादा असते. पाणी वाढले की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी अक्षरशः तरंगते. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. त्यातच पुढच्या गाड्यांनी उडवलेल्या तुषारांमुळे समोरचे काही दिसत नाही. लाउडा यांच्या तर पापण्याही भाजलेल्या होत्या.

दोन फेऱ्या झाल्यावर ते गाडी आत घेऊन आले आणि उतरले. इंजिनात बिघाड झाला असे जाहीर करू, असे संघातील माणसांनी सुचवले. त्यात लाउडा यांची लाज राखण्याचाच हेतू होता. लाउडा यांनी नकार दिला. मी थांबलो, तेच सांगा, असे त्यांचे म्हणणे. शर्यत पुढे चालू राहिली, हळूहळू पाऊस ओसरला, हंट तिसरे आले आणि ६९ गुणांनी, म्हणजे एका गुणाने, जगज्जेते झाले.

लाउडा चुकले का? त्यांच्या विरोधात बोलण्यासारखे पुष्कळ आहे. इतर बहुतेक चालक थांबले नाहीत. त्या शर्यतीत कोणी दगावले नाही. शिवाय विजेतेपद एकट्याचे नव्हते. त्यामागे कारागिरांचे वर्षभराचे कष्ट होते. यातला शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत जड वाटतो. पण दुसऱ्याच्या कष्टांचे मोल द्यायचे म्हणून आपला जीव पणाला लावायचा का? आणि पुढे काय घडले यावरून निर्णय तोलणे न्यायाचे नाही. पाऊस ओसरणार हे त्या क्षणी कोणाला ठाऊक होते? निर्णय तोलायचा तो त्या वेळी दिसत होते त्यावरून. म्हणूनच हंट यांनाही आम्ही अविचारी म्हणणार नाही. त्यांचे डोळे वेगळे होते, त्यांच्या अंगावरच्या जखमा वेगळ्या होत्या.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक विचार शिकवला गेला. धैर्य हे भित्रेपणा आणि बेफिकिरी या दोन टोकांच्या मधे असते. जो कशालाच भीत नाही तो शूर नव्हे, त्याला धोका दिसतच नाही एवढेच. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की, धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे हे नसून टिकून राहणे हे आहे. फुजीला लाउडा कशापुढे टिकून राहिले? लोक काय म्हणतील, या प्रश्नापुढे. मॉन्झाला त्यांनी भीती लपवली, फुजीला ती उघड केली. आमच्या मते दुसरे अधिक कठीण होते. पुढे १९७७ आणि १९८४ साली ते पुन्हा जगज्जेते झाले, पण झाले नसते तरी तो निर्णय तेवढाच योग्य ठरला असता.

मंदिराच्या शिखरावरून उडी मार, असे सैतानाने प्रभू येशूला सुचवले. येशूने उडी मारली नाही. त्याचा पित्यावर विश्वास नव्हता, असे आपण म्हणतो का?

एक गोष्ट आम्हालाही कबूल केली पाहिजे. भर पावसाळ्यात, एका तरुणाच्या शवपेटीपाशी उभे राहून 'देवाची इच्छा' हे शब्द आमच्या तोंडून गेले आहेत. आज वाटते, ते घाईचे होते. त्या गाडीचा वेग देवाने ठरवला नव्हता. मित्र मागे बसून 'अजून जोरात' म्हणत होते, आणि 'मला भीती वाटते' हे तीन शब्द त्या मुलाला उच्चारता आले नाहीत. ते उच्चारायला आपण त्याला कधी शिकवलेही नव्हते.

तेव्हा आईबाबांनो, मुलांना केवळ 'हळू चालव' असे सांगू नका. मित्रांसमोर थांबणे हीसुद्धा मर्दुमकी आहे, हे सांगा. आणि आपणही आपल्या जीवनात कर्ज काढून लग्न थाटामाटात करताना, न झेपणारे वचन देताना, इंजिन बिघडल्याचे निमित्त न शोधता सरळ म्हणायला शिकू या : मला हे झेपणार नाही, मी थांबतो.

प्रभू आपणा सर्वांना सुखरूप घरी आणो.

तुमचे धर्मगुरू