देशांतर आणि नवजात

परमुलखात राहणाऱ्या कुटुंबात मूल जन्मले की ते कोणत्या भूमीचे, हा प्रश्न आज पारपत्र आणि नागरिकत्व यांच्या भाषेत विचारला जातो. धर्मशास्त्राने मात्र त्याला लागून असलेला प्रश्न जननाशौचाच्या, म्हणजे जन्मामुळे कुळाला लागणाऱ्या सोयराच्या, प्रकरणात फार पूर्वीच हाताळला होता. पुत्रजन्माची वार्ता दहा दिवस उलटल्यावर कानी आली तर अंगावरच्या वस्त्रांसह स्नान केल्याने शुद्धी होते, असे मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो. वार्ता इतकी उशिरा पोचते ती दूर असलेल्यांना; साहजिकच, 'दूर' कशाला म्हणावे हे ठरवणे निबंधकारांना, म्हणजे विखुरलेली स्मृतिवचने विषयवार लावून निर्णय देणाऱ्या ग्रंथकारांना, भाग पडले. त्यांच्याकडे आढळणाऱ्या एका व्याख्येनुसार मध्ये महानदी किंवा पर्वत आडवा येणे आणि वाणी बदलणे ही देशांतराची लक्षणे होत. या चर्चेत एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: अंतर मोजले जाते ते वार्ता ऐकणाऱ्याच्या बाजूने. बालक जिथे जन्मते तिथेच असते; दूर असतात ते त्याचे आप्त.

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या मराठी घरांना ही व्याख्या लावून पाहिली की ती गमतीदारपणे अडखळते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजी भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापल्यावर कावेरीच्या खोऱ्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि त्यांच्या घरात मराठी व रस्त्यावर तमिळ असल्यामुळे वाणी बदलण्याची, म्हणजेच देशांतराची, सीमा त्यांच्या उंबरठ्यावरून जाऊ लागली. अशाच एका देशस्थ घराण्यात १८२८ मध्ये कुंभकोणम येथे सर टी. माधवराव जन्मले, त्रावणकोरनंतर त्यांनी इंदूर आणि बडोदे या मराठी संस्थानांची दिवाणगिरी केली. कुंभकोणमहून बडोद्याला जाणारा हा मराठी माणूस परदेशी निघाला होता की स्वदेशी, याचे उत्तर व्याख्येतून निघत नाही.

कर्मकांडाने हा पेच निराळ्या रीतीने सोडवला आहे. नामकरणासारख्या संस्काराच्या आरंभी संकल्प करताना कर्ता देश व काळ उच्चारतो आणि मग स्वतःचे गोत्र, म्हणजे ज्या ऋषीपासून कूळ मानले जाते त्याचे नाव, सांगतो. यांपैकी गोत्र माणसाबरोबर प्रवास करते, देश मात्र पाय जिथे टेकले असतील तिथलाच सांगावा लागतो. महाराष्ट्रातील संकल्पात गोदावरीचे दक्षिण तीर येते. कुंभकोणमही गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे, पण शेकडो कोसांवरच्या नदीला तीर म्हणणे भूगोलाला फारच ताणणे होईल. अमेरिकेत काही पुरोहित पुराणांतील क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात, तीही याच गरजेपोटी केलेली तडजोड आहे.

तथापि कुंभकोणमच्या श्रद्धेत नदीच चालत येते. गुरू सिंह राशीत असताना नाशिकला सिंहस्थ भरतो आणि त्याच गुरुभ्रमणात, बारा वर्षांनी एकदा, येथील महामहम तळ्यावर स्नानपर्व येते. २२ फेब्रुवारी २०१६ रोजी ते झाले. त्या वेळी तळ्यात उतरणाऱ्या नद्यांमध्ये गोदावरीही असते, अशी समजूत आहे.

याहून मर्मग्राही आहे ती नजीकच्या तिरुक्करुगावूर येथील गर्भरक्षांबिकेची स्थलकथा, म्हणजे क्षेत्राचे माहात्म्य सांगणारी पारंपरिक कथा. निध्रुव ऋषी घरापासून दूर असताना त्यांच्या गर्भवती पत्नीला, वेदिकेला, शाप मिळतो, गर्भ विस्कटतो, आणि देवी तो कुंभात ठेवून पूर्ण वाढवते. ज्या कुंभकोणमचे नावच सृष्टीचे बीज घेऊन प्रलयात वाहत आलेल्या कुंभावरून पडले त्याच्या शेजारी ही कथा असावी, हे लक्षणीय आहे. गर्भवती स्त्रिया येथे सुखप्रसूतीसाठी देवीचे एरंडेल नेतात, मग त्यांची मायबोली कोणतीही असो. कथेतला पिता दूर असतो, जपणूक त्या स्थळाची देवी करते, आणि तरीही बालकाला नैध्रुव हे नाव पित्यावरूनच मिळते. काश्यप गोत्राच्या प्रवरात, म्हणजे गोत्राबरोबर उच्चारल्या जाणाऱ्या ऋषिनामांत, काश्यप आणि आवत्सार यांच्यापुढे हेच नाव येते, आणि तिरुक्करुगावूर कधीही न पाहिलेली महाराष्ट्रातील काश्यपगोत्री कुटुंबेही ते मुंजीपासून उच्चारत असतात.