एका टाकाचे वळण

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मायाब्रह्माची चर्चा बाजूला ठेवून रामदास इथे बोरू, शाई आणि कागद यांच्याविषयी बोलतात. पान आधी शिशाने आखून घ्यावे, ओळींतले अंतर कमीजास्त होऊ देऊ नये. मात्रेने वरची ओळ भेदू नये, लांब अक्षराचा पाय खालच्या ओळीला लागू नये. भोवती जागा सोडून मधे लिहावे. कागद कडेने झडतो, आणि तो झडला तरी अक्षर शाबूत राहिले पाहिजे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. हिंगूळ संग्रही असावा, उंची चित्रेही काढावीत. पण पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिलेले वाटावे.

मार्जिन, लाइन स्पेसिंग, फाँट साइज, स्टाइल: आज वर्डच्या पट्टीवर ज्या गोष्टी बटणांच्या रूपाने मांडलेल्या दिसतात, त्या इथे सतराव्या शतकात कारणांसह आल्या आहेत. सुंदर अक्षराचे कौतुक रामदासांना आहेच. ते पाहून चतुरांचे समाधान व्हावे, असे ते म्हणतात. पण नियमांचा खरा भर पुढे कधीतरी पोथी उघडणाऱ्या माणसावर आहे. त्याचे डोळे अधू असतील, त्याच्या हातात पडेपर्यंत कागद जीर्ण झालेला असेल, एवढे गृहीत धरूनच लिहिणाऱ्याने बसायचे आहे.

पुढे छापखाने आले आणि ही काळजी वाटून घेतली गेली. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर सुरू केला, आणि तिथल्या देवनागरी खिळ्यांचे वळण पुढे नमुन्यासारखे मानले गेले. लेखकाने हस्तलिखित द्यायचे. खिळे जुळवायचे जुळाऱ्याने, चुका टिपायच्या मुद्रितशोधकाने, चित्राचा ठसा कुठे बसवायचा ते फर्मा बांधणाऱ्याने ठरवायचे. शीर्षकासाठी कोणता खिळा आणि मजकुरासाठी कोणता, हे छापखान्यात आधीच ठरलेले असे. लेखकाला ते ठाऊक असण्याची गरज नव्हती.

१९७४ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम तयार केला. कागदावर जे उमटणार तेच पडद्यावर दिसावे, ही त्याची मोठी करामत. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ साली वर्ड बाजारात आले. त्या दिवसापासून जुळारी, मुद्रितशोधक आणि फर्मा बांधणारा हे तिघेही लेखकाच्या टेबलावर येऊन बसले. अधिकार सगळे मिळाले, उमेदवारी मात्र कुणीच केली नाही.

'दिसते तेच मिळते' या सोयीची एक किंमत आहे. आपण दिसण्यापाशीच थांबतो. एखादी ओळ शीर्षक आहे हे यंत्राला सांगण्याऐवजी आपण ती निवडतो, ठळक करतो, आकार वाढवतो आणि स्पेसबार दाबत दाबत मधोमध आणतो. नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून एंटरवर बोट ठेवून बसतो. डोळ्यांना फरक कळत नाही. पण वर्डमधले ¶ हे चिन्ह असलेले बटण दाबले की पडद्यामागचा संसार उघडा पडतो: रिकाम्या जागी ठिपक्यांच्या रांगा, पानाच्या तळाशी ¶ ची उतरंड. मग कुणीतरी वर दोन ओळी वाढवतो आणि प्रकरणाचे नाव पानाच्या माथ्यावरून खाली घसरते. शीर्षकाला 'हेडिंग' ही स्टाइल दिली असती आणि तिच्यातच 'आधी नवे पान' ही अट घातली असती, तर वर कितीही भर पडली तरी ते जागचे हलले नसते. शिवाय स्टाइल एकदा बदलली की सगळी शीर्षके एकदम बदलतात, आणि त्यांच्यावरून अनुक्रमणिकाही आपोआप तयार करता येते. एका टाकाचे वळण म्हणतात ते हेच. फक्त टाक आता हातात नाही, व्याख्येत आहे.

मराठी लिहिणाऱ्याला यात आणखी थोडी जागरूकता लागते. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या गटात धरते, त्यामुळे एकाच स्टाइलमध्ये फाँटची दोन घरे असतात, एक रोमन लिपीचे आणि एक आपले. पहिल्या घरात आकार वाढवून दुसरे तसेच ठेवले, तर इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी होते तेवढेच राहतात. ओळींतले अंतर 'एक्झॅक्टली' करून नेमके आणि तोकडे बांधले, की रफार, मात्रा, अनुस्वार वरून कापले जातात. रामदासांनी ज्या मात्रेची काळजी केली, ती आजही तितकीच नाजूक आहे.

चित्राची गतही अशीच. ओळीत ठेवलेले चित्र वर्डच्या लेखी एक भले मोठे अक्षर असते. तोकड्या, नेमक्या अंतराच्या परिच्छेदात ते टाकले, तर त्याची जेमतेम एक पट्टी दिसते आणि माणूस फाइल बिघडली म्हणून कपाळाला हात लावतो. मजकुरात तरंगणारे चित्र कुठल्या तरी परिच्छेदाला नांगरलेले असते. तो परिच्छेद पुढे सरकला की चित्र त्याच्यामागे जाते, तो पुसला की चित्रही जाते. चित्र कुठे दिसते यापेक्षा ते कोणत्या वाक्याचे आहे, हे आधी ठरवावे लागते. हा प्रश्न यंत्राने उभा केलेला नाही. विचार नीट मांडायचा असेल तर तो लेखकाला पडायलाच हवा.

या साऱ्याची खरी कसोटी लागते ती डोळ्यांनी न वाचणाऱ्या वाचकापाशी. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडरच्या आवाजावर दस्तऐवज वाचतो. खरी हेडिंग स्टाइल असेल, तर तो एका कळीसरशी पुढच्या शीर्षकावर जातो. नुसती ठळक केलेली ओळ त्याच्या लेखी इतर ओळींसारखीच. चित्राला पर्यायी मजकूर जोडला असेल, तर त्यात काय आहे ते त्याला कळते. नसेल तर तिथे एक चित्र आहे, एवढेच. ज्याला रूप दिसतच नाही, त्यालाच रचनेची सर्वांत जास्त गरज असावी, यावरून मांडणी म्हणजे सजावट हा आपला समज किती अपुरा आहे ते उमगते.

म्हणून पुढची फाइल पाठवण्याआधी एवढे करा. ¶ चे बटण दाबून पाहा, रिकामी एंटरे काढा, शीर्षकांना स्टाइल द्या, चित्राखाली त्याची ओळ आणि चित्रात त्याचे वर्णन घाला. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. आपली फाइल कोण, कुठे आणि कशावर उघडणार हे आपल्याला कधीच ठाऊक नसते. ती नीट लावायची असते ती त्याच माणसासाठी.