चतुर्दशीचं पाणी

आपल्या मराठी कॅलेंडरांत भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलेलं असतं : शस्त्रादिहत पितृश्राद्ध. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री असते, घरातल्या बायकांना वडे-खिरीची घाई असते, त्यामुळे ही बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. इकडे चंडीगडला महिने पौर्णिमेला संपतात, म्हणून हीच तिथी आश्विनातली धरतात. नाव बदललं तरी दिवस तोच.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की सैनिकांच्या स्मरणाचा एक दिवस देशात हवा होता, सुट्टीचा हवा होता, अशी तक्रार मी या गावात वर्षानुवर्षं ऐकते आहे. इथे दर तिसऱ्या घरात कुणीतरी फौजी. पलीकडे चंडीमंदिरला पश्चिम कमांडचं मुख्यालय. अमेरिकेत मे महिन्यातला शेवटचा सोमवार असतो, ऑस्ट्रेलियात २५ एप्रिल, इंग्लंडात ११ नोव्हेंबर. आपल्याकडे ७ डिसेंबरला शाळेत ध्वजदिनाचे छोटे झेंडे विकतात, ३० जानेवारीला अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं उभं राहायचं, की झालं. माझं म्हणणं, दिवस आहे आणि तो या सगळ्यांहून पुष्कळ जुना आहे. त्यात बिगूल नाही आणि पाहुणे नाहीत, म्हणून तो कुणाला दिवस वाटत नाही.

माझे थोरले दीर मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९७१च्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर गेले. तेव्हा देह घरी येत नसे. तार येई, मागाहून ट्रंक येई. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आणायची, तिच्यामागे अख्खा तालुका चालायचा, हे सगळं १९९९च्या कारगिलपासून रूढ झालं. आमच्या साताऱ्याच्या घरात ट्रंक उघडली आणि लगेच एक वाद उभा राहिला. मी तेव्हा नवी सून, दाराआडून ऐकत होते.

सासरे म्हणत होते, त्याचं सुतक नाही आणि श्राद्धही नको. त्यांचा आधार पक्का होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, उगारलेल्या शस्त्रांनी रणात मेलेल्याचं सुतक तत्काळ संपतं असं म्हटलं आहे, कारण त्याचं मरण हाच त्याचा पूर्ण झालेला यज्ञ. पराशरांच्या मते सूर्यमंडळ भेदून पलीकडे जाणारे दोघेच, योगी संन्यासी आणि समोरासमोर लढून पडलेला. गीतेचा दुसरा अध्याय तर सगळ्यांना पाठ असतो, मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. मग स्वर्गात बसलेल्याला तीळपाणी कशासाठी? सासूबाईंना यातलं काही वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "गेला असेल स्वर्गात. मी त्याला शेवटचं वाढलेलं नाही, ते वाढणार."

मजा अशी, की शास्त्र सासूबाईंच्याही बाजूला आहे. याज्ञवल्क्य पितृपक्षातली चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांसाठी राखून ठेवतो. म्हणजे एका हाताने स्वर्ग दिला आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसासाठी वर्षाची एक तिथी ठेवली, कारण त्याला अजून काहीतरी पोचायचं राहिलं आहे. टीकाकारांनी ही गाठ सोडवण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. मला ती सोडवावीशीच वाटत नाही. स्वर्गाचं वचन लढाईच्या आधी दिलं जातं, आणि देतो तो पाठवणारा असतो. पाणी नंतर दिलं जातं, आणि देतो तो मागे उरलेला असतो. दोघं एकाच मेलेल्याबद्दल बोलत असले, तरी दोघांचं त्याच्याशी नातं वेगळं आहे.

या श्राद्धाच्या दोन गोष्टी मला फार विचार करायला लावतात. एक म्हणजे ते एकोद्दिष्ट असतं. एरवी श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची पंगत बसते. इथे पिंड एकच, त्या एकट्याचा. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधु लिहिला, आमच्या सासऱ्यांची प्रत शिवण उसवलेली होती, तिच्यात हा सगळा कीस काढलेला आहे. हिंसेने मेलेला माणूस आपल्या रांगेतून बाहेर पडतो, त्याला पूर्वजांच्या गर्दीत मिसळून टाकता येत नाही, असं काहीसं त्यामागे असावं. दुसरी गोष्ट त्या 'आदि' शब्दात आहे. पाण्यात बुडालेला, सापाने डसलेला, विजेने मेलेला, आज म्हणायचं तर हायवेवर ट्रकखाली आलेला, सगळे याच तिथीचे. तिथी विचारत नाही, की बाबा, तू कशासाठी मेलास. वीरचक्रवाला आणि मोटरसायकलवाला एकाच दुपारी जेवतात. राष्ट्रभक्तांना हे आवडणार नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो.

लग्नानंतर यजमानांची नोकरी इथल्या एका केंद्रीय प्रयोगशाळेत लागली आणि आम्ही चंडीगडकर झालो. ते होते तोवर दर वर्षी चतुर्दशीला ते भावाचं करत. ते गेल्यावर मी करू लागले. इथल्या एका गुरुजींनी कुरकुर केली, पुण्याला ज्ञानप्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकून सर्रास सांगतात हे ऐकवल्यावर ते गप्प झाले, पण दक्षिणा पूर्ण घेतली.

इथे सेक्टर ३मध्ये बोगनवेलींच्या बागेत युद्धस्मारक आहे. १७ ऑगस्ट २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि चंडीगडच्या ८,४५९ जणांची नावं दगडात कोरली आहेत. दिरांचं नाव अर्थातच तिथे नाही, ते पडले आमच्या साताऱ्याचे. तरी मी तिथे जाते. संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसलेली असतात, जोडपी कुजबुजत असतात, माळी पाइप ओढत असतो. स्मारकाने असंच वापरात असावं, नाहीतर ते २६ जुलैपुरतं उरतं.

ती नावं वाचताना मला कायम गुरुजींचा आवाज ऐकू येतो. तर्पणात तीन गोष्टी म्हणाव्या लागतात, नातं, नाव आणि गोत्र. त्यातली एक राहिली तर पाणी पोचत नाही अशी समजूत. भिंतीवर नाव आहे. पलटण हेच गोत्र समजू. पण नातं? 'अस्मत्' म्हणणार कोण? मी, सातारची म्हातारी, गुरदासपूरच्या शिपायाला कोणत्या नात्याने ओंजळ देणार? आणि सरकार तरी कोणत्या नात्याने फुलांचं चक्र वाहतं? दोन मिनिटांच्या शांततेची सोय यातूनच निघाली असेल. ११ नोव्हेंबर १९१९ला ती ब्रिटिश साम्राज्यभर पहिल्यांदा पाळली गेली. शांततेला गोत्र लागत नाही, कुणीही उभं राहावं. सोय उत्तम आहे, पण त्यात कुणी कुणाला काही देत नाही.

आपल्या तर्पणात मात्र एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. अगदी शेवटी, ज्यांना कुणी बांधव नाही, जे या नाहीतर कुठल्या दुसऱ्या जन्मी आमचे बांधव होते, त्या सगळ्यांनाही हे पाणी मिळो, असं म्हणतात. गुरुजी तेवढं घाईघाईत उरकतात, कारण तोवर स्वयंपाकघरातून वास यायला लागलेला असतो. मी त्यांना तिथे थांबवते.

चंडीगडहून शंभरेक किलोमीटरवर, कुरुक्षेत्र जिल्ह्यात, पिहोवा आहे. जुनं नाव पृथूदक. अकाली, अपघाती मेलेल्यांचे पिंड द्यायला सगळा पंजाब-हरियाणा सरस्वतीच्या त्या कुंडावर येतो. मोठी जत्रा चैत्र चौदसची, म्हणजे आपली फाल्गुन वद्य चतुर्दशी. परत चतुर्दशीच! पंडे वह्या उघडून बसतात आणि गावाचं नाव सांगितलं, की पणजोबा काढून दाखवतात. तिथे कार्तिकेयाचं देऊळ आहे, मेलेल्यांच्या नावाने मूर्तीवर तेल घालतात. देवांचा सेनापती आणि मेलेल्यांसाठीचं तेल, हा संबंध कुणी जोडला असेल त्याला नमस्कार. बायकांना आत सोडत नाहीत. पंडा म्हणाला, "माताजी, तेल आमच्याकडे द्या, आम्ही घालतो." मी बाटली पिशवीत परत ठेवली. सेनापतीला तेल पुरुषांनी घालायचं आणि लेकरं मात्र आम्ही द्यायची, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही.

युधिष्ठिराने युद्धात मेलेल्यांचे पिंड इथेच दिले, असं तिथले लोक सांगतात. महाभारताच्या स्त्रीपर्वात तो सगळा प्रसंग आहे, आणि मला विचाराल तर युद्धस्मरणाबद्दल त्याहून खरं काही कुणी लिहिलेलं नाही. आंधळा धृतराष्ट्र विचारतो, एकूण मेले किती आणि गेले कुठे? युधिष्ठिर आकडा सांगतो, मग प्रतवारी लावतो. आनंदाने देह टाकला ते इंद्रलोकी. मरायचंच आहे म्हणून मन घट्ट करून मेले ते गंधर्वांत. पाठ फिरवताना, जीव मागताना मारले गेले ते गुह्यकांत. बघा, पळणाऱ्यालाही जागा आहे, रिकाम्या हाताने कुणालाच पाठवलेलं नाही. आजची कुठलीही भिंत हे बोलत नाही. भिंतीवर सगळे शूर असतात. खऱ्या पलटणीत घाबरलेली विशीतली पोरं असतात, आणि मेल्यानंतरही त्यांना घाबरायची परवानगी नसते.

मग धृतराष्ट्र विचारतो, ज्यांचं इथे कुणी नाही त्यांचं काय? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य यांना कामाला लावतो, देशोदेशींच्या बेवारशांच्या चिता रचवतो. त्यात कौरवांकडचे आलेच. नंतर गंगेवर पाणी द्यायला उभे राहिल्यावर कुंती सांगते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. विजयी राजाला आपण कुणाला मारलं ते ओंजळ भरल्यावर कळतं! (पुढे शांतिपर्वात तो सगळ्या बायकांना शाप देतो, की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. युद्ध केलं यांनी आणि शाप आम्हाला.) राजाच्या स्मरणदिनाला शोभेल असा प्रसंग हाच. पाठवणाऱ्यानेच पाण्यात उतरावं, आणि उतरल्यावर त्याला काहीतरी न आवडणारं कळावं.

आपले दिवस तसे नाहीत. १६ डिसेंबर विजय दिवस, २६ जुलै कारगिल विजय दिवस. नाव विजयाचं, मेलेले त्यात सोबतीला. मग बासष्टला बर्फात गेलेल्यांचा दिवस कोणता? म्हणून ती सेक्टर ३ची भिंत मला कार्यक्रमांपेक्षा शहाणी वाटते. हरलेल्या आणि जिंकलेल्या लढाईतले तिथे एकाच बागेत आहेत.

हरलेल्या लढाईची आठवण कशी ठेवावी हे खरं तर आम्हा मराठी माणसांना ठाऊक असायला हवं. पानिपत इथून दिल्लीच्या वाटेवर आहे, गाडीने तीनेक तासांवर. १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी हरियाणातले रोड मराठे जमतात, महाराष्ट्रातूनही बसगाड्या येतात. आपण ती तारीख संक्रांतीला जोडून टाकली आहे. संक्रांत दर सत्तरेक वर्षांनी एका दिवसाने पुढे सरकते, तेव्हा १७६१ साली ती लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली असणार. पण एवढ्या माणसांचा संहार नुसत्या बुधवारी झाला हे मनाला पटत नाही. अलीकडे तिथे शौर्यदिन म्हणतात. म्हणोत. मला तिथे पार्वतीबाई आठवतात, भाऊसाहेबांच्या मरणावर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही आणि शेवटपर्यंत कुंकू लावलं. देह हाती न आलेल्या घरांची ती पहिली बाई नव्हे, शेवटचीही नव्हे. अशा वेळी पळसाच्या ३६० देठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा विधी शास्त्राने ठेवला आहे. बाईने नकार दिला. भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तो त्याच फटीतून.

कोरेगाव भीमाचं उलटं आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईचा खांब कंपनीने स्वतःच्या जयासाठी उभारला. त्यावर कंपनीच्या मेलेल्या ४९ जणांची नावं आहेत, त्यांतली २२ 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. १९२७ साली बाबासाहेब तिथे गेले. आज लाखो लोक जातात, आणि इंग्रजांच्या जयाची आठवण काढायला त्यांतला एकही जात नाही. नातं सांगणारे पुढे आले आणि दगडाचा मालक बदलला. माझ्या 'अस्मत्'च्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच आहे. नातं आधी असावंच लागतं असं नाही, ते पाणी देणाऱ्यालाही जोडता येतं.

आमच्या शेजारच्या सरदारनीच्या चाचांचं नाव सेक्टर ३च्या भिंतीवर आहे, पासष्टचे. तिच्याकडे श्राद्ध मानत नाहीत. ती म्हणते, आम्हाला वर्षातला एक दिवस कशाला हवा, आमच्या प्रार्थनेत, अरदासमध्ये, रोजच शहीद येतात, तुरुंगात जात्यावर बसवलेल्या बायकासुद्धा येतात. हे मला फार आवडतं. एकदा बागेत बसलो असताना मी तिला चतुर्दशीचं शेवटचं पाणी सांगितलं आणि म्हटलं, आमच्या दिरांनी तिकडे दोन-चार पोरं मारलीच असतील, त्यांच्या घरीही ट्रंका गेल्या असतील, ते पाणी त्यांनाही जातं असं मी धरते. तुमच्या अरदासच्या शेवटी सगळ्यांचं भलं मागतात, त्यात पलीकडचे येतात ना?

"येतात. भलं मी मागते," ती म्हणाली. "पाणी त्यांचं त्यांनी द्यावं."

मला हे पटलं नाही, आणि तिला माझं. तिचे चाचा तिला खांद्यावर बसवून शेतात न्यायचे. माझ्या दिरांशी मी उभ्या आयुष्यात दहा-बारा वाक्यं बोलले असेन, तीही पदर सावरून. तेव्हा वाद मी वाढवला नाही. चतुर्दशीला मात्र गुरुजींना त्या ओळीपाशी थांबवते, आणि ते घड्याळाकडे बघतात.